चहाचा पेला आणि तो धुणारे हात

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपणांपुढें दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां प्रथम आमच्या मनांत संकोचच उत्पन्न झाला. पूर्वजांची श्रद्धा, मंदिराची उभारणी, शाळेचा इतिहास, अशा थोर विषयांवर बोलणारे अधिकारी वक्ते या व्यासपीठावर बसलेले आहेत. आमच्याकडे गेलीं कित्येक वर्षें सणाच्या दिवशीं चहा देण्याचें काम आहे. तेव्हां ज्याचें आम्हांस थोडेंबहुत ज्ञान आहे, त्या चहाच्या पेल्याविषयींच आम्ही बोलणार आहों. विषय क्षुल्लक वाटून कोणी हंसले तर आम्हांस त्याचा राग नाहीं. मात्र शेवटीं आपणांपाशीं एक मागणी करावयाची आहे, आणि ती तितकीशी क्षुल्लक नाहीं.

गेल्या वर्षींच्या सणाची गोष्ट. मिस्सा आटोपली, मंडपांत चहा झाला, बँड वाजला, आणि मंडळी आनंदानें आपापल्या घरीं गेली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही आवार झाडावयास आलों, तों मंदिराच्या पायऱ्यांवर, झाडांच्या पारांवर, दफनभूमीच्या कुंपणाशीं, जिकडे पाहावें तिकडे कागदी कप पडलेले. कोणांत अर्धा चहा, कोणांत मुंग्यांची रांग. गोळा करतां करतां कमरेइतका ढीग झाला. भंगारवाल्यास विचारलें. त्यानें वर्तमानपत्रांची रद्दी हवी म्हटलें, पुठ्ठा हवा म्हटलें. परंतु कपांकडे पाहून मान हलविली. तेव्हां आळसाच्या भरांत आम्हीं जें करूं नये तें केलें. ढिगास काडी लावली. जो धूर निघाला तो नुसत्या कागदाचा नव्हता. तो काळा, उग्र धूर शेजारच्या घरांत शिरला आणि तेथील एका वृद्ध बाईंना दिवसभर खोकल्यानें बेजार केलें. हा दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, आमचाच होता. आणि आजचें हें भाषण म्हणजे एका अर्थीं त्या दोषाची उघड कबुलीच आहे.

कागदाचा धूर असा कां निघावा? कारण ज्यास आपण कागदी कप म्हणतों, तो निव्वळ कागदाचा नसतो. निव्वळ कागदांत ऊन चहा ओतला तर त्याचा लगदा होईल. म्हणून त्याच्या आंतल्या अंगास पॉलिथिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचाच, अत्यंत पातळ थर चिकटविलेला असतो. हा थर सुटा करणें सामान्य कागदगिरणीस जमत नाहीं. त्यास निराळी यंत्रसामग्री लागते. म्हणून भंगारवाल्याची मान हलते. मातींत पुरलें तरी कागद कुजतो आणि पापुद्रा तसाच मागें राहतो. शिवाय खरगपूर येथील आय.आय.टी.च्या संशोधकांनीं २०२० सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, अशा कपांत १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटें ठेविलें असतां सुमारें २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण त्या पाण्यांत उतरतात. हातांत चहा धरून गप्पांत पंधरा मिनिटें घालविण्याची आपली संवय तर सर्वांस ठाऊकच आहे. महाराष्ट्र शासनानेंही २०२२ सालच्या जुलै महिन्यांत प्लास्टिकचा थर दिलेले कप व थाळ्या बंदीच्या यादींत घातल्या. परंतु कायदा फाटकापर्यंत येतो. त्याला मंडपांत आपणच घ्यावें लागतें.

आतां कोणी विचारील, अशी वस्तु जगांत आली तरी कशी? येथें न्यायानें बोलावयाचें तर ती सद्हेतूनेंच आली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं अमेरिकेंत आगगाड्यांत, शाळांत आणि सार्वजनिक नळांपाशीं पाणी पिण्यासाठीं एकच सामायिक पेला ठेवण्याची रीति होती. रोगी आणि निरोगी, लहान आणि थोर, सारे त्याच पेल्यास ओठ लावीत, आणि मध्यें तो कोणी धूत नसे. क्षयासारखे रोग घरोघर माणसें नेत होते. आल्विन डेव्हिसन नांवाच्या एका प्राध्यापकानें १९०८ सालीं शाळांतील असे पेले सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले आणि त्यांवरील जंतूंविषयीं लोकांस सावध केलें. १९०९ सालीं कॅन्सस राज्यानें सामायिक पेल्यास बंदी केली. त्याच सुमारास लॉरेन्स ल्यूएलेन आणि ह्यू मूर या गृहस्थांनीं एकदां वापरून टाकावयाचा कागदी पेला प्रचारांत आणिला. प्रथम त्याचें नांवच 'हेल्थ कप', म्हणजे आरोग्याचा पेला, असें होतें; १९१९ पासून तो 'डिक्सी कप' या नांवानें प्रसिद्धीस आला. तेव्हां कागदी कपाचा जन्म रोगाच्या भीतींतून झाला, आणि ती भीति खोटी नव्हती. परंतु तिच्यावर आणखी एक उपाय होता. तो म्हणजे पेला प्रत्येकाच्या ओठांनंतर गरम पाण्यानें व साबणानें धुणें. २०२० सालच्या महामारींत हीच भीति पुन्हां जागी झाली, आणि पुष्कळ दुकानदारांनीं गिऱ्हाइकांचे स्वतःचे पेले घेण्याचें बंद केलें. तेव्हांही निरनिराळ्या देशांतील शंभरांहून अधिक शास्त्रज्ञांनीं एकत्र येऊन जाहीर केलें कीं, साधी स्वच्छता पाळली असतां पुन्हां पुन्हां वापरावयाचीं भांडीं सुरक्षित असतात.

आपल्या देशांत पेल्याची भीति आणखी एका प्रकारची होती. ती रोगाची नव्हे, विटाळाची. १८९० सालीं पुण्यास अँग्लिकन पंथाच्या पंचहौद मिशनमध्यें एका सभेनंतर मंडळींस चहा देण्यांत आला. तेथें न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते, शहरांतील इतरही प्रतिष्ठित गृहस्थ होते. ख्रिस्ती लोकांच्या घरचा तो एक पेला चहा! पुढें हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं, बहिष्काराची भाषा झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि अखेर या उभयतांनींही प्रायश्चित्त घेतलें. आज ती कथा ऐकून आपण हंसतों. परंतु त्याच महाराष्ट्रांत अस्पृश्य मानलेल्या आपल्या बांधवांसाठीं चहाच्या दुकानाबाहेर निराळा कप ठेवलेला असे, आणि तो त्यांनीं स्वतः विसळून पुन्हां जागेवर ठेवावा असा दंडक असे, त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली आणि दुकानें व उपाहारगृहें सर्वांस मोकळीं केलीं. तेव्हां एकाच पेल्यांतून आज तूं आणि उद्यां मी, ही साधीशी दिसणारी गोष्ट आपल्या समाजानें मोठ्या कष्टानें मिळविली आहे, हें विसरूं नये.

कोणी म्हणतील, कागद नको तर मातीचा कुल्हड घ्या. २००४ सालीं रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनीं रेल्वेंत कुल्हडांस पुन्हां मान दिला होता, आणि कुंभारांस त्यानें काम मिळतें हें खरें. परंतु तो भाजावयास सर्पण लागतें, आणि एकदां भाजलेली माती पुन्हां चाकावर येत नाहीं. एका घोटभर चहासाठीं भट्टी पेटवावयाची आणि पांच मिनिटांनीं तें भांडें फोडावयाचें, ही देखील उधळपट्टीच होय. आपल्या पत्रावळी आणि द्रोण यांहून बरे, कारण तीं पानें मातींत जिरतात. पण द्रोणांत चहा पिणें फार कठीण!

हा प्रश्न केवळ आपलाच नाहीं. इंग्लंडच्या पार्लमेंटाच्या एका समितीनें २०१८ सालीं अहवाल दिला कीं, त्या देशांत कॉफीचे सुमारें २५० कोटी कप दरवर्षीं फेंकले जातात, आणि चारशें कपांतून एकाचाही धड पुनरुपयोग होत नाहीं. समितीनें प्रत्येक कपामागें २५ पेन्स कर सुचविला; सरकारनें तो त्या वेळीं स्वीकारला नाहीं. जर्मनींतील फ्रायबुर्ग शहरानें दुसरी युक्ति काढली. २०१६ सालीं तेथें सुरू झालेली रीति अशी : कॉफी घेतांना एक युरो अनामत ठेवावयाची, टिकाऊ कप घेऊन जावयाचा, आणि योजनेंतील कोणत्याही दुकानांत तो परत देऊन अनामत परत घ्यावयाची. कप दुकानदार धूत असे आणि तो पुन्हां दुसऱ्याच्या हातीं जात असे. त्याच देशांतील ट्यूबिंगन शहरानें २०२२ सालापासून फेंकावयाच्या प्रत्येक कपावर अर्धा युरो कर बसविला. एका व्यावसायिकानें त्याविरुद्ध न्यायालयांत धांव घेतली. परंतु २०२५ च्या जानेवारींत जर्मनीच्या सर्वोच्च घटना-न्यायालयाचा निर्णय शहराच्या बाजूनें जाहीर झाला.

ही अनामतीची युक्ति वाचून आम्हांस मोठा अचंबा वाटला, आणि मग थोडी लाजही वाटली. अहो, ही तर आपली गांवकीचीच रीति! गांवानें वर्गणी काढून मोठीं पातेलीं, पराती, ताटें आणि पेले घ्यावयाचे; लग्नकार्याला ज्याला लागतील त्यानें मोजून न्यावयाचे आणि घासून, मोजून परत आणावयाचे; हरवलें तर भरपाई द्यावयाची. वहींत नोंद असे, आणि भांड्यावर नांव घातलेलें असे. जी व्यवस्था जर्मन लोकांनीं परिश्रमानें उभी केली, ती आपल्या वाडवडिलांनीं आपल्या हातीं तयार दिली होती. आपण ती कोठारांत कोंडून कुलूप लावलें.

येथें एका मोहाविषयीं सावध केलें पाहिजे. महोत्सवाची आठवण म्हणून प्रत्येक घरास नांव व साल कोरलेला नवा सुंदर पेला द्यावा, अशी एक सूचना आमच्या कानांवर आली आहे. सूचना प्रेमाची आहे, पण तिला आमचा नम्र विरोध आहे. कॅनडांतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक मार्टिन हॉकिंग यांनीं १९९४ सालीं असा हिशेब मांडला कीं, पेला घडविण्यास आणि धुण्यास लागणारी शक्ति ध्यानांत घेतां, चिनी मातीचा कप निदान ३९ वेळां वापरला तरच तो तितक्या कागदी कपांच्या बरोबरीस येतो. कांचेचा पेला १५ वेळां. म्हणजे टिकाऊ पेला विकत घेणें यांत पुण्य नाहीं. तो वापरण्यांत आहे. कांचेच्या कपाटांत शोभेसाठीं ठेवलेला पेला हा फेंकलेल्या कपाहूनही महाग पडतो. आपल्या कोठारांत पेले आहेत. तेच बाहेर काढूं या.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. रोगाची भीति साबणानें जाते. विटाळाची भीति कायद्यानें आणि विवेकानें जाते. मग आपण कागदी कप कां सोडीत नाहीं? कारण तिसरी एक गोष्ट उरते, आणि ती भीति नसून कंटाळा आहे. पेला धुवावयाचा कोणीं?

पूर्वीं आपल्या सणाला पोलादी पेलेच होते, हें वडील मंडळींस आठवत असेल. ते कोण धूत असे? मंडपांत नाटक चाले, गाणीं होत, भाषणें होत. आणि मागें विहिरीपाशीं कांहीं बहिणी पदर खोंचून, ओल्या चिखलांत बसून, रात्रीपर्यंत पेले घाशीत. त्यांनीं आपल्याच मुलांचें नाटक कधीं पाहिलें नाहीं. कागदी कप आले तेव्हां त्या पहिल्यानेंच मंडपांत येऊन खुर्चीवर बसल्या. गेल्या उपवासकाळांत आम्हीं जुने पेले पुन्हां काढण्याची गोष्ट बोलून दाखविली, तेव्हां त्यांतील एक वयस्क भगिनी शांतपणें म्हणाल्या, "तुमचें म्हणणें चांगलें आहे. कचरा होऊं नये हें आम्हांलाही कळतें. पण दादा, तुम्ही कप बदलायला निघालां, तसे धुणारे हातही बदलणार आहांत का? कीं पुन्हां आम्हींच विहिरीवर बसायचें?"

बंधूंनो, या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्ही घरीं गेलों आणि पुष्कळ विचार केला. आम्हांस असें दिसून आलें कीं, फेंकण्याचा कप हा त्या बहिणींच्या कष्टांवर आपण काढलेला सोपा तोडगा होता. त्यांचें ओझें आपण वांटून घेतलें नाहीं; तें उचलून मातीवर, शेजाऱ्यांच्या छातीवर आणि पुढल्या पिढीवर टाकलें. आणि आतां माती वांचविण्यासाठीं तेंच ओझें परत त्यांच्या डोक्यावर ठेवूं पाहूं, तर तो सुधार नव्हे. तो अन्याय होईल.

म्हणून आम्हीं एक लहानसा प्रयोग केला. एका रविवारच्या सभेला कोठारांतील सुमारें दोनशें पेले काढले आणि धुण्याच्या कामास केवळ पुरुष व तरुण मुलगे बसविले. पहिल्या दिवशीं आमची फजिती झाली हें लपवून काय उपयोग? गाळलेली चहापत्ती कोठें टाकावी हें ठरलेलें नव्हतें, पाणी पुरेसें तापलें नव्हतें, आणि कांहीं पेले तेलकटच राहिले म्हणून दुसऱ्यांदां धुवावे लागले. पुढल्या वेळीं त्याच बहिणींस आम्हीं विचारलें, पण काम न सांगतां केवळ शहाणपण मागितलें. त्यांनीं रीति सांगितली ती अशी : प्रथम उरलेला चहा एका बादलींत ओतून घ्यावा, मग तीन घमेलीं मांडावीं, एकांत नुसतें पाणी, दुसऱ्यांत साबणाचें ऊन पाणी, तिसऱ्यांत स्वच्छ कढत पाणी, आणि शेवटीं पेले फडक्यानें न पुसतां लांकडी फळ्यांवर उपडे घालून उन्हांत वाळूं द्यावे. पाणी वाहत्या नळाखालीं धुतल्यापेक्षां पुष्कळ कमी लागतें, आणि पहिल्या घमेल्यांतील पाणी केळीच्या आळ्यांत जातें. सहा माणसांस तें काम एका तासांत उरकलें.

त्या दिवशींची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या जुन्या पेल्यांवर दात्यांचीं नांवें घातलेलीं आहेत. कोणाच्या लग्नाची आठवण, कोणाच्या आईच्या स्मरणार्थ. साबणाच्या घमेल्यापाशीं बसलेला एक तरुण एकाएकीं थांबला. त्याच्या हातांतील पेल्यावर त्याच्या आजीचें नांव होतें. त्यानें आजीला पाहिलें नव्हतें. कित्येक वर्षें तो पेला अंधारांत पडून होता, आणि त्याच काळांत आपण हजारों निनांवी कप जाळून टाकले. त्यानें तो पेला दोनदां धुतला. कागदी कपावर कोणाच्या आजीचें नांव असत नाहीं.

धर्मपीठाची शिकवणही आपणांस हेंच सांगते. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं 'लाउदातो सी' या विश्वपत्रांत वस्तु वापरून टाकण्याच्या वृत्तीचा निषेध केला, आणि ही वृत्ति वस्तूंवर थांबत नाहीं, ती माणसांपर्यंत पोंचते, असा इशारा दिला. कागदाचा व प्लास्टिकचा वापर टाळणें यांसारख्या घरगुती कृतींसही त्यांनीं तेथें आदराचें स्थान दिलें आहे. परंतु विश्वपत्र वाचण्यापूर्वींच आपण दर रविवारीं हा धडा डोळ्यांनीं पाहत असतों. ख्रिस्तप्रसाद वांटून झाल्यावर वेदीवरील पात्राचें काय होतें? तें कोणी फेंकून देत नाहीं, कीं मागल्या दारीं कोणा बाईकडे घासावयास धाडीत नाहीं. धर्मगुरु स्वतःच्या हातांनीं त्यांत पाणी घालून तें शुद्ध करितात आणि पुसून ठेवितात. वेदीवरच्या पात्राशीं मंडपांतील चहाच्या पेल्याची बरोबरी आम्ही करीत नाहीं. परंतु जो वापरतो त्यानें निगा राखावी, आणि सेवेचें काम मोठ्यानें स्वतः करावें, हा जो धडा तेथें दिसतो, तो पायऱ्या उतरतांना आपण मंदिरांतच कां ठेवून यावा?

तर आमची मागणी अशी. या महोत्सवापासून आपल्या धर्मग्रामाच्या कोणत्याही कार्यक्रमास कागदी अथवा प्लास्टिकचा कप येऊं नये. कोठारांतील पेले मोजून वहींत लिहावे. ज्या वाड्याची पाळी असेल, त्या वाड्यांतील पुरुषांनीं व मुलग्यांनीं ते धुवावे. आणि पहिली पाळी आमची, म्हणजे चहा देणाऱ्या मंडळाची, राहावी. पेले कमी पडले तर दोन पंगती कराव्या. दहा मिनिटें थांबल्यानें चहा कडू होत नाहीं. ज्यांस शक्य असेल त्यांनीं घरून स्वतःचा पेला आणावा. आणि ज्या बहिणींनीं इतकीं वर्षें विहिरीवर काढलीं, त्यांस यंदां मंडपांत पहिल्या रांगेंत बसवावें, आणि धुतलेल्या पेल्यांतून पहिला चहा त्यांना द्यावा.

आज सायंकाळीं कार्यक्रम संपल्यावर विहिरीपाशीं तीन घमेलीं मांडलेलीं असतील. तेथें आम्ही असूं. सहा जणांची जागा आहे, आणि तूर्त आम्ही चारच आहों.